ग्राफिक्स कार्डाचं काम नेमकं अडतं कुठं? मायनिंगवाल्यांकडून संशोधकांनी शिकावं असं काही

इंझोरीला घरी गेलं की पोरं मला दोन प्रश्न हमखास विचारतात. बारावी-बीएस्सीवाल्यांचा प्रश्न असतो, "ताई, ग्राफिक्स कार्ड घेऊन कॉइन काढता येतात का?" आणि एमएस्सी झालेल्या, पेट-नेटची तयारी करणाऱ्यांचा, "मायनिंगमधलं जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय, संशोधनासाठी घेऊन ठेवू का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: त्या कार्डावर चालणारं काम नेमकं कुठं अडतं?

मायनिंग करणाऱ्यांनी या एका प्रश्नावर बारा वर्षं डोकं चालवलं, कारण त्यांचा नफा त्यावरच होता. त्यांच्या हेतूशी आपल्याला देणंघेणं नाही. पण त्यांनी सॉफ्टवेअर कसं सुधारलं हे समजून घेतलं, तर तुमचा स्वतःचा कोड कुठं हळू आहे हे ओळखायची रीत कळते. ती समजावून सांगावी, म्हणून हा लेख.

आधी कार्ड समजून घेऊ

सोयाबीनच्या मळणीचं उदाहरण घ्या. थ्रेशर कितीही मोठं आणा, सुडीवरून माल उचलून त्यात टाकणारे दोघंच असतील तर थ्रेशर बराच वेळ रिकामंच फिरणार. उलट टाकणारे दहा जण आणि थ्रेशर लहान असेल, तर माणसं हातात माल घेऊन उभी राहणार. पहिल्या वेळी थ्रेशरचा वेग वाढवला तर फक्त डिझेल जास्त जळेल. दुसऱ्या वेळी माणसं वाढवली तर मजुरी वाया जाईल.

ग्राफिक्स कार्डाचंही असंच आहे. गणित करणारे हजारो छोटे गाभे म्हणजे थ्रेशर. मेमरीतून त्या गाभ्यांपर्यंत दर सेकंदाला किती माहिती पोचते, ती बँडविड्थ म्हणजे माल टाकणारी माणसं. कुठल्याही कामात या दोन्हींपैकी एक आधी अडतं. जे अडत नाही ते सुधारण्यात घालवलेला वेळ फुकट जातो.

मायनिंगच्या इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणं अगदी स्वच्छ सापडतात.

बिटकॉइन: जिथं गणित अडतं

बिटकॉइनच्या मायनिंगमध्ये ८० बाइटचं एक शीर्षक घ्यायचं, त्यावर एसएचए-२५६ हे हॅश फंक्शन दोनदा चालवायचं आणि येणारा आकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते बघायचं. नसेल तर शीर्षकातला 'नॉन्स' नावाचा ४ बाइटचा आकडा बदलायचा आणि पुन्हा तेच. उत्तर शोधायला अब्जावधी प्रयत्न लागतात, पण सापडलेलं उत्तर तपासायला एकच हिशेब पुरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इथं मेमरी जवळपास लागतच नाही. ८० बाइट म्हणजे काहीच नाही, सगळं गाभ्याच्या रजिस्टरांतच मावतं. म्हणजे अडणार ते गणितच. २०१० मध्ये लोकांनी हे काम सीपीयूवरून ग्राफिक्स कार्डावर आणलं आणि मग सुधारणा सुरू झाल्या. त्यातल्या तीन बघण्यासारख्या आहेत.

पहिली सुधारणा: जे बदलत नाही ते पुन्हा मोजायचं नाही. एसएचए-२५६ माहितीचे ६४ बाइटचे तुकडे करून काम करतं. ८० बाइटचे दोन तुकडे होतात आणि नॉन्स दुसऱ्या तुकड्यात येतो. पहिल्या तुकड्याचा निकाल नॉन्स बदलला तरी तोच राहतो, म्हणून तो एकदाच काढून ठेवायचा. त्याला 'मिडस्टेट' म्हणतात. एरवी एका प्रयत्नाला तीन फेऱ्या लागल्या असत्या, आता दोनच लागतात. एक तृतीयांश काम गेलं, आणि तेही कार्डाला हात न लावता.

दुसरी सुधारणा: उत्तर चुकलंय हे कळल्यावर थांबायचं. शेवटच्या फेरीत ६४ पायऱ्या असतात. पण निकालाचा शेवटचा ३२ बिटचा भाग शून्य येणार की नाही, हे काही पायऱ्या आधीच कळतं. जवळपास सगळे प्रयत्न चुकणारच असतात, त्यामुळे उरलेल्या पायऱ्या करायच्याच नाहीत.

तिसरी सुधारणा: यंत्राच्या हातात कोणतं हत्यार आहे ते बघायचं. एसएचए-२५६ मध्ये ३२ बिटचे आकडे सतत गोल फिरवावे लागतात. एका तुकड्यामागे असं फिरवणं ५७६ वेळा येतं. एएमडीच्या त्या काळच्या कार्डांत हे एका सूचनेत व्हायचं. एनव्हिडियाच्या कार्डांना तेच करायला दोनदा सरकवून मग जोडावं लागायचं, म्हणजे तीन सूचना. परिणाम? रेडिऑन एचडी ५८७० सेकंदाला सुमारे ४० कोटी हॅश काढायचं, तर त्यानंतर आलेलं आणि महाग असलेलं जीफोर्स जीटीएक्स ५८० सुमारे १४ कोटींवर थांबायचं. काहींनी तर याच्याही पुढं जाऊन, कंपायलर जी सूचना वापरत नव्हता ती तयार झालेल्या बायनरीत बदल करून घुसवली.

२०१३ च्या सुरुवातीला फक्त एसएचए-२५६ साठी बनवलेल्या चिप, म्हणजे असिक, बाजारात आल्या आणि बिटकॉइनपुरता ग्राफिक्स कार्डाचा खेळ संपला. काम निव्वळ गणिताचं असेल तर कुणीतरी त्या गणितापुरती वेगळी चिप बनवणारच.

इथेरियम: जिथं मेमरी अडते

इथेरियम सुरू झालं ३० जुलै २०१५ ला. त्याच्या निर्मात्यांना असिक नको होत्या, म्हणून त्यांनी इथॅश नावाची पद्धत मुद्दाम उलटी रचली. त्यात 'डॅग' नावाचा एक मोठा तक्ता असतो. सुरुवातीला तो १ जीबीचा होता आणि दर ३०,००० ब्लॉकमागे सुमारे ८ एमबीने वाढत गेला. एक हॅश काढायला या तक्त्यातून ६४ वेळा, कुठल्याही ठिकाणाहून, प्रत्येकी १२८ बाइट वाचावे लागतात. पुढचं वाचन कुठून करायचं ते आधीचं वाचून झाल्याशिवाय कळत नाही.

आता वही घ्या. ६४ गुणिले १२८ म्हणजे ८,१९२ बाइट. एका हॅशला इतकं वाचन लागतंच, त्यातून सुटका नाही. रेडिऑन आरएक्स ५८० ची (८ जीबीची) बँडविड्थ सेकंदाला २५६ जीबी. भागाकार करा: ३.१२५ कोटी, म्हणजे ३१.२५ मेगाहॅश. प्रत्यक्षात नीट जुळवलेलं हे कार्ड ३० च्या आसपास द्यायचं. म्हणजे कार्ड न घेता, कोडची एक ओळ न लिहिता, एका भागाकाराने तुम्हाला कमाल मर्यादा कळली. मूळ अवस्थेत कार्ड २२ देत असेल तर सुधारणेला जागा आहे, आणि ३० देत असेल तर तिथं रात्री जागवण्यात अर्थ नाही, हेही कळलं.

संशोधनात हा हिशेब कोड लिहायच्या आधी करायचा असतो. २००९ मध्ये विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी तो 'रूफलाइन' नावाच्या आलेखात मांडला. नाव भारी वाटलं तरी आत हा भागाकारच आहे.

पण कागदावरची बँडविड्थ प्रत्येक वेळी हाती लागत नाही. जीटीएक्स १०७० ची बँडविड्थ २५६ जीबी आणि जीटीएक्स १०८० ची ३२०. हिशेबाने १०८० ने ३९ मेगाहॅश द्यायला हवे होते. प्रत्यक्षात स्वस्तातलं १०७० सुमारे ३० द्यायचं आणि महागडं १०८० विशीतच अडकायचं. कारण १०८० मधली जीडीडीआर५एक्स मेमरी सलग वाचनात वेगवान होती, पण विखुरलेल्या ठिकाणांहून वाचताना दोन वाचनांमधला थांबा नडायचा. २०१८ मध्ये हे थांबे, म्हणजे मेमरीची टायमिंग, बदलणारं एक छोटं साधन आलं आणि तेच कार्ड तिशीच्या वर गेलं. हिशेबाने काढलेली मर्यादा आणि मोजलेला आकडा यांत मोठी तफावत दिसली, तर तिथं काहीतरी शोधण्यासारखं दडलेलं असतं. अशीच तफावत तुमच्या कामात दिसली तर ती लपवू नका, तिथंच खोदा.

वेग कशात मोजायचा?

मेमरी अडते म्हटल्यावर मायनिंगवाल्यांनी काय केलं? गाभ्याचा वेग आणि व्होल्टेज कमी केलं, मेमरीचा वेग वाढवला. थ्रेशर हळू फिरवून टाकणारी माणसं वाढवली, असं समजा. आरटीएक्स ३०६० टीआय या कार्डाची वीजमर्यादा २०० वॅट आहे. जुळवणीनंतर ते सुमारे १२० वॅटमध्ये ६० मेगाहॅश द्यायचं. त्यांच्यासाठी महत्त्वाचा आकडा 'एका वॅटमागे किती हॅश' हा होता, कारण विजेचं बिल तेच भरत होते. मोजपट्टी कामाच्या हेतूवरून ठरते. तुमच्या बाबतीत ती 'एका रात्रीत किती सिम्युलेशन पूर्ण होतात' अशी असू शकेल.

इथं दोन सापळे आहेत, आणि दोन्ही संशोधनात जसेच्या तसे येतात.

पहिला अचूकतेचा. मेमरीचा वेग जास्त ताणला की ती चुका करू लागते. पडद्यावरचा हॅशचा आकडा वाढलेला दिसतो, पण पूलकडे पाठवलेली उत्तरं नाकारली जातात. पूल प्रत्येक उत्तर तपासतो, कारण तपासणी स्वस्त आहे, हे आपण वर पाहिलं. तुमच्या प्रबंधातल्या आकड्यांना असा पूल नसतो. कोड चारपट वेगवान झाला आणि उत्तराचा पाचवा दशांश बिघडला, तर कुणीही तुम्हाला थांबवणार नाही. म्हणून प्रत्येक सुधारणेनंतर जुन्या, हळू पण खात्रीच्या कोडशी उत्तर ताडून बघणं ही तुमचीच जबाबदारी.

दुसरा नशिबाचा. पूलने मान्य केलेल्या उत्तरांना 'शेअर' म्हणतात आणि ते यदृच्छेने येतात. तासाभरात १०० शेअर आले, तर त्यातली नैसर्गिक चढउतार १०० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १०, म्हणजेच १० टक्के असते. कुणी म्हणालं, "नवीन सेटिंगने २ टक्के फायदा झाला, तासभर बघितलं," तर त्याने काहीच बघितलेलं नाही. चढउतार १ टक्क्यावर आणायची तर १०,००० शेअर जमवावे लागतात. तुमच्या कोडची वेळ मोजतानाही एकदाच मोजून आकडा लिहू नका. किमान दहा वेळा मोजा, सरासरीबरोबर विचलनही द्या, आणि कार्ड गरम झाल्यावरची मोजमापं वेगळी ठेवा.

हेच प्रश्न खोडदला

ही कार्डं आपल्याच राज्यात कशासाठी वापरली जातात ते बघा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि प्रत्येकीतून दोन ध्रुवणांचे सिग्नल. सुधारित जीएमआरटीमध्ये ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एका वेळी घेता येतो. त्यासाठी प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ६० सिग्नल धरले तर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. एफपीजीए बोर्डं सिग्नलचं डिजिटल रूप करून संगणकांकडे पाठवतात आणि पुढचं गणित ग्राफिक्स कार्डं करतात.

ते गणित काय? प्रत्येक सिग्नलचं फूरिये रूपांतर करायचं आणि मग प्रत्येक तबकडीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी गुणायचा. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. इथॅशपेक्षा हे वेगळं कसं ते बघा. इथॅशमध्ये वाचलेला बाइट एकदा वापरला की संपला. इथं एका तबकडीचा नमुना इतर २९ तबकड्यांसाठी पुन्हा पुन्हा लागतो. म्हणून तो मेमरीतून एकदा आणून गाभ्याजवळ धरून ठेवला, तर माल टाकणाऱ्यांवरचा भार कमी होतो आणि थ्रेशर पूर्ण वेगाने चालतं. धरून न ठेवता दर वेळी मेमरीतून आणला, तर हेच गणित मेमरीवर अडतं. सूत्र तेच, कार्ड तेच, फक्त कोडची रचना वेगळी. आणि इथं उशीर चालत नाही, कारण आकाशातून येणारा सिग्नल तुमच्यासाठी थांबत नाही.

आणखी एक फरक आहे. मायनिंगमध्ये सगळ्यांचा कोड दुप्पट वेगवान झाला, तर नेटवर्क काठिण्य वाढवतं आणि बक्षीस तेवढंच राहतं. बिटकॉइनमध्ये हे काठिण्य दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी बदलतं. तुमचा फायदा इतरांना तीच युक्ती कळेपर्यंतच. दुर्बिणीवरचा कोड वेगवान झाला तर तो पुढच्या प्रत्येक निरीक्षणाला उपयोगी पडतो.

तुमच्या कोडवर करून बघा

गूगल कोलॅबवर बऱ्याचदा टी४ हे कार्ड फुकट मिळतं. त्याची बँडविड्थ सेकंदाला ३२० जीबी, आणि गणिताची कमाल सेकंदाला ८.१ लाख कोटी क्रिया. भागाकार करा: मेमरीतून आलेल्या प्रत्येक बाइटमागे सुमारे २५ क्रिया केल्या, तरच गाभे पूर्ण कामाला लागतील.

आता दोन सदिशांची बेरीज घ्या. एका बेरजेला ४ बाइटचे दोन आकडे वाचायचे आणि एक लिहायचा, म्हणजे १२ बाइट आणि क्रिया एकच. ३२० भागिले १२, म्हणजे सेकंदाला साधारण २,६७० कोटी क्रिया. कार्डाच्या क्षमतेच्या अर्धा टक्काही नाही! यात तुमचा काही दोष नाही, कामच तसं आहे. इथं सुधारणा एकच: ही बेरीज आधीच्या किंवा नंतरच्या कामाला जोडून घ्यायची, म्हणजे मेमरीच्या फेऱ्या वाचतील. मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात मात्र प्रत्येक आकडा शेकडो वेळा वापरता येतो, म्हणून तो गणितावर अडतो. तुमच्या कोडमधली सगळ्यात जास्त वेळ खाणारी ओळ यातल्या कोणत्या जातीची आहे, हे आज वहीत लिहून काढा.

मग कार्ड घ्यायचं का?

कॉइनसाठी: नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि ग्राफिक्स कार्डांचं सगळ्यात मोठं काम एका दिवसात गेलं. उरलेल्या कॉइनसाठी तुमच्या घरचा हिशेब करा. १२० वॅटचं एक कार्ड चोवीस तास चालवलं तर महिन्याला ८६ युनिट. सहा कार्डांचे ५१८ युनिट, म्हणजे घरगुती मीटरच्या सगळ्यात महाग स्लॅबमध्ये. बिलावरचा दर टाकून स्वतः गुणाकार करा. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. लाइट गेली की मायनिंग थांबतं, कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यातून उत्पन्न झालंच, तर २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, असं सरकारने संसदेत स्पष्ट केलं आहे.

संशोधनासाठी जुनं कार्ड: आधी वरचा हिशेब करा, मग किंमत विचारा. तुमच्या कामाला किती मेमरी लागते? दुहेरी अचूकता लागते का? आरटीएक्स ३०६० टीआयसारख्या गेमिंग कार्डांत दुहेरी अचूकतेचा वेग साध्या वेगाच्या ६४ व्या भागाइतकाच असतो. क्वांटम रसायनशास्त्राच्या कामात ते जड जाईल, न्यूरल नेटवर्क शिकायला पुरेल. सॉफ्टवेअर अजून चालतं का तेही बघा. जीटीएक्स १० मालिकेचा आधार कुडाच्या १३ व्या आवृत्तीपासून काढून टाकला आहे. कार्डाचं बायोस मूळ आहे का ते विचारा, आणि पैसे देण्याआधी मेमरीची चाचणी तासभर चालवून बघा. एनव्हिडियाने २०२१ मध्ये खास मायनिंगसाठी काढलेल्या सीएमपी कार्डांना तर मॉनिटर जोडायची जागाच नाही. ती स्वस्त दिसली तरी लांबच राहा.

आणि घेण्याची घाई कशाला? कोलॅबवर शिका. पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर मार्गदर्शकांमार्फत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. पुण्याच्या सी-डॅकचं परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होतं, आणि ते ग्राफिक्स कार्डांवरच उभं आहे. अशा यंत्रावर वेळ मागताना तुमचं काम कुठं अडतं आणि किती तास लागतील हे सांगता आलं पाहिजे. हा लेख वाचून तुम्ही ते एका भागाकाराने सांगू शकता. पुढच्या लेखात प्रोफायलर कसा वाचायचा ते बघू. तोवर तुमच्या कोडच्या त्या एका ओळीचा हिशेब करून ठेवा.